मिरजेचा भोपळा : सांधा, पान आणि रोगण

कोल्हापूरच्या मंडईत ‘भोपळा’ मागितला असता विक्रेता तांबड्या भोपळ्याची फोड कापून तागडीत टाकतो. तेथून पन्नासएक किलोमीटरवर, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, हाच शब्द उच्चारला तर समोरचा मनुष्य माळ्यावर रचलेल्या, वाळून खडखडीत झालेल्या, हंड्याएवढ्या पोकळ फळांकडे बोट दाखवितो. दोन्ही ठिकाणची बोली जवळजवळ एकच आहे. शब्दही एकच आहे. वस्तू मात्र भिन्न आहे, आणि हा भेद केवळ धंद्याच्या सवयीचा नव्हे. प्रस्तुत लेखकास या भेदाचे कुतूहल प्रथम भाषेच्या अंगाने वाटले. पुढे त्याचा माग काढता काढता विषय वाळविलेल्या व रंगविलेल्या भोपळ्याच्या अलंकरणाकडे वळला. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरील नक्षी ही वाद्य पुरे झाल्यावर वरून चढविलेली शोभा होय, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात याच्या उलट प्रतिपादन करावयाचे आहे : ही नक्षी सांध्याच्या गरजेतून उद्भवली, आणि ती कोठे आहे व कोठे नाही हे नीट पाहिले असता या कारागिरीच्या इतिहासाचा बराचसा भाग उलगडतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. आज ज्यास आपण नुसते ‘भोपळा’ म्हणतो ते तांबडे फळ मूळचे अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांचा संपर्क झाल्यानंतर ते इकडे आले. त्यापूर्वी मराठीतील भोपळा म्हणजे संस्कृतातील अलाबु अथवा तुंबी, ज्याचे कोवळे गोड फळ आज ‘दुध्या’ म्हणून विकले जाते तो वेल. नवागत फळाने जुन्याचे नाव घेतले. जुन्यास ओळख सांगण्यासाठी ‘दुध्या’ आणि ‘कडू’ अशी विशेषणे लावून घ्यावी लागली. घरात आलेल्या पाहुण्याने ओसरी बळकवावी आणि यजमानाने माजघरात जावे, तसा हा प्रकार आहे. परंतु वाक्प्रचारांनी जुना अर्थ सोडलेला नाही. कमरेला भोपळा बांधून पोहणे हा वाक्प्रचार तांबड्या भोपळ्याने समजत नाही. त्याची साल वाळून लाकडासारखी टिकत नाही, आणि तो पाण्यावर मनुष्याचा भार वाहील अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. तीत म्हातारी ज्यात बसून वाघ-कोल्ह्यांना चुकविते तो भोपळा वाळलेला, पोकळ आणि टणक असला पाहिजे. मुलांच्या पुस्तकांतील चित्रकार तो बहुधा तांबडा व फुगीर काढतात. चित्र गोजिरवाणे दिसते. गोष्टीस मात्र ते जुळत नाही.

वाळलेल्या भोपळ्याचे एक वैशिष्ट्य असे की, त्याला मराठीने तो काय धारण करतो यावरून नावे दिली. पाणी वा भिक्षा धारण करी तो तुंबा. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाला जी चार प्रकारची पात्रे सांगितली आहेत त्यांत लाकूड, माती व वेळू यांच्याबरोबर भोपळाही आहे. दूषित रक्त ओढून घेई ती तुंबडी. ‘तुंबडी लावणे’ हा शब्दप्रयोग त्या उपचारातून आला. स्वतःची ‘तुंबडी भरणे’ हा प्रयोग मात्र भिक्षापात्राकडून आलेला दिसतो. पाण्यात मनुष्यास धारण करी ती जोडी म्हणजे सांगड. दोन भोपळे अथवा दोन ओंडके एकत्र बांधून केलेली ही तरण्याची सोय आज नद्यांवरून गेली, आणि मागे ‘सांगड घालणे’ एवढे क्रियापद उरले. संस्कृत ‘संघाट’ म्हणजे जोडणी. त्यापासून प्राकृताच्या वाटेने हा शब्द आला. एखाद्या विद्वानाने दोन मतांची सांगड घातली असे आपण लिहितो, तेव्हा त्या मतांना नकळत भोपळे बांधीत असतो. गारुड्याची पुंगी आणि गोसाव्याची एकतारी यांत भोपळा श्वास वा नाद धारण करतो. मिरजेचा भोपळा या शेवटच्या कुळातील.

भोपळ्याचा वाद्यात उपयोग महाराष्ट्रास नवा नव्हता. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री व किन्नरी या वीणांचे वर्णन आहे. दोहोंत भोपळा दांडीस खालून बांधलेला असतो. एकतंत्रीच्या वर्णनात ‘जीवा’ नावाच्या एका बारीक वस्तूचा उल्लेख येतो. ती तारेखाली ठेवली म्हणजे नादास एक प्रकारची गुंजन करणारी झळाळी येते. या शब्दाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

मिरजेच्या धंद्याचा आरंभ मात्र इतका जुना नाही. परंपरेने तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास नेला जातो, आणि त्याचे श्रेय फरीदसाहेब या शिकलगार घराण्यातील कारागिरास दिले जाते. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणारा. मूळ अरबी ‘सैकल’, म्हणजे घासून आणलेली चकाकी, आणि त्यास जोडलेला फारसी ‘गर’. आदिलशाही अमदानीपासून लष्करी महत्त्वाचे ठाणे असलेल्या मिरजेत अशा कारागिरांची वस्ती असणे स्वाभाविक होते. १८१८ नंतर दक्षिणेतील फौजा मोडल्या, तलवारीची गरज ओसरली, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने उरलेसुरले कामही नाहीसे होण्याच्या मार्गास लागले. दुसऱ्या बाजूस पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवई व बीनकार मिरजेत येऊ लागले होते. त्यांची वाद्ये नादुरुस्त होत. ती दुरुस्त करणारा मनुष्य जवळपास हवा होता. दुरुस्ती करता करता निर्मिती साध्य झाली, असे परंपरा सांगते.

ही परंपरा विश्वसनीय मानावी काय? तलवार घासणाऱ्याने एकाएकी भोपळा का हाती घ्यावा, अशी शंका प्रथम येते. सुतार हा अधिक नैसर्गिक उमेदवार वाटतो. तंबोऱ्यात लाकूड पुष्कळ असते, शस्त्राचे पोलाद मुळीच नसते. या शंकेचे उत्तर नक्षीत शोधणे व्यर्थ होय. ते जवारीत आहे. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण तो खरोखर सपाट नसतो. त्यास अगदी अल्प असा उतार असतो, आणि तार त्या उतारास केसाच्या अंतराने स्पर्श करीत कंप पावते. त्या स्पर्शातूनच तंबोऱ्याचा भरीव, गुंजणारा नाद उत्पन्न होतो. तारेखाली ठेवलेला सुताचा धागा पुढेमागे सरकवून तो नेमका पकडता येतो. हा उतार कानशीने घासून, पुन्हा तार चढवून, ऐकून, पुन्हा उतरवून, पुन्हा घासून आणावा लागतो. पृष्ठभाग डोळ्यांनी नव्हे तर बोटाने व कानाने जाणणे, आणि एका घाशीने अधिक गेले तर सर्व फुकट, हे भान पिढ्यान्‌पिढ्या हाती असणे : हे सुताराचे नव्हे, शिकलगाराचे कौशल्य होय. तलवारीच्या पात्याचा उतार जो हात साधू शकतो तोच घोडीचा उतार साधू शकतो. तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या मते परंपरेतील हा दुवा दंतकथा म्हणून बाजूस सारण्याचे कारण नाही. ‘जवारी’ हा शब्द वर उल्लेखिलेल्या ‘जीवा’शी संबद्ध असावा असे अनेकांचे मत आहे. दक्षिणेत त्याच युक्तीस ‘जिवाळी’ म्हणतात हे लक्षात घेता ते मत संभाव्य वाटते. परंतु मधले टप्पे पुरावे देऊन दाखविल्याखेरीज ते सिद्ध मानू नये.

आता भोपळ्याकडे येऊ. तंबोऱ्यासाठी लागणारा कडू भोपळा मिरजेत पिकत नाही. तो पंढरपूर, मंगळवेढे, बेगमपूर या भीमेच्या परिसरातून येतो. तेथील कोरडी हवा व कमी पाऊस यांमुळे फळाची साल कणखर होते आणि ते न कुजता वेलावर पक्व होऊ शकते. हे फळ खाण्याच्या उपयोगाचे नाही, म्हणून शेतकरी ते केवळ या धंद्यासाठी राखतो. फळ वाढत असताना ते एका अंगावर कलंडून बेढब होऊ नये म्हणून त्यास नीट बसवावे लागते. वेल वाळल्यावर फळ काढून सावकाश सुकवितात. पंढरपूर ते मिरज हा अरुंद रुळांचा लोहमार्ग १९२७ मध्ये झाला, म्हणजे धंद्याची पहिली पाऊणशे वर्षे हा ठिसूळ माल दूरच्या कच्च्या रस्त्यांवरून येत होता. पुरुषांच्या स्वरासाठी मोठा भोपळा लागतो, स्त्रियांच्या स्वरासाठी लहान. मोठ्याचा घेर सुमारे पन्नास इंच भरतो, आणि असा निर्दोष भोपळा शंभरांत थोडाच निघतो. कारागीर तो पाहताच बोटाने वाजवितो. हिशेबाच्या वहीपेक्षा हे टिचकी मारणे अधिक निर्णायक असते.

भोपळा एका बाजूने कापून, भिजवून, आतील गर व बिया खरवडून काढतात आणि तोंड आकसू नये म्हणून आत काटक्यांचा आधार देऊन पुन्हा वाळवितात. मग त्याला दोन सांधे येतात. पहिला वरच्या बाजूस, जेथे भोपळा संपून लाकडी गळा व त्यापुढे दांडी सुरू होते. दुसरा कापलेल्या तोंडाच्या कडेस, जेथे लाकडाची तबली बसते. लाकूड बहुधा तून या झाडाचे असते. जोडणी सरसाने होते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, लाकूड आणि भोपळ्याची साल हे दोन पदार्थ एकाच हवेत एकसारखे आकसत वा फुगत नाहीत. पावसाळ्यात व उन्हाळ्यात त्यांची चाल निराळी असते. तेव्हा सांधा नुसता चिकटवून भागत नाही. त्यावरून काहीतरी पकड घेणारे हवे असते, आणि असमान रेघ झाकणेही प्राप्त होते.

मिरजेच्या तंबोऱ्यावर नक्षी कोठे आहे ती आता पाहावी. वरच्या सांध्यावरून खाली भोपळ्यावर उतरणारी लाकडाची कोरीव पाने आहेत. त्यांची देठे गळ्याकडे आणि टोके भोपळ्याच्या पोटाकडे असतात. ती दोन्ही पदार्थांना एकत्र धरतात. तबलीच्या कडेभोवती अलंकृत पट्टी फिरते. ती दुसरा सांधा झाकते. पूर्वी तेथे हस्तिदंत वापरीत. पुढे सेल्युलॉइड आले. पट्टीवर टोकदार हत्याराने वेलबुट्टी कोरून त्या रेघांत काळी अथवा रंगीत लाख भरतात आणि वर घासून घेतात. भोपळ्याचे उरलेले पोट, जेथे सांधा नाही, तेथे बहुतेक वेळा एकरंगी रोगण व लाखेचे पॉलिश एवढेच असते : तांबूस, केशरी अथवा काळसर. सर्वांत मोठी, सर्वांत गुळगुळीत, चित्रकारास मोह घालील अशी जागा कारागिराने मोकळी सोडली, आणि अवघड, अरुंद, वाकड्या जागी नक्षी केली. शोभा हाच मूळ हेतू असता तर असे झाले नसते.

या तर्कावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. जुन्या बीनांचे भोपळे संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांपैकी कित्येकांच्या सर्वांगावर सोनेरी व रंगीत फुलापानांचे चित्रण आहे. तेथे नक्षी सांध्यापुरती नाही. मग नियम कोठे राहिला? परंतु बीनेची रचना पाहिली म्हणजे आक्षेपाचे पुराव्यात रूपांतर होते. बीनेचे दोन भोपळे दांडीस खालून लावलेले असतात. त्यांस तबली नसते, आणि भोपळा लाकडात विलीन होत नाही. दृश्य पृष्ठभागावर सांधाच नसल्यामुळे कुंचला सर्वत्र मोकळा फिरतो. याच न्यायाने तंजावरचा तंबोरा पाहावा. तेथे भोपळा नाही, पोटही फणसाच्या लाकडाचे असते. साहजिकच भोपळ्यास लाकडाशी बांधून ठेवणाऱ्या पानांची तेथे गरज उरली नाही. सुमारे १६७५ पासून १८५५ पर्यंत मराठी राजघराणे असलेल्या त्या नगरातील वाद्य मिरजेच्या वाद्यापेक्षा निराळे दिसते, याचे कारण रुचीपेक्षा पदार्थात अधिक आहे.

सांध्याचा प्रश्नच नसेल तेथे भोपळ्याचे काय होते हे पाहण्यासाठी बस्तरकडे जावे लागते. तेथील कारागीर वाळल्या भोपळ्यावर तापविलेल्या लोखंडी पात्याने डागून चित्रे काढतात. आता त्यांचे दिवेही करतात. तेथील हलबी बोलीत भोपळ्यास ‘तुमा’ म्हणतात. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात हलबीची गणना मराठीबरोबर केली होती. ती आज जशीच्या तशी मान्य नसली, तरी तुंबा व तुमा यांचे नाते उघड आहे. पेरू देशाच्या किनाऱ्यावर वाका प्रिएता येथील उत्खननात सापडलेले कोरीव भोपळे तर चार हजार वर्षांच्या आसपासचे आहेत. सर्वत्र अनुभव एकच दिसतो : भोपळा अखंड असला की त्यास चित्रफलक मानतात, जोडला की त्याची नक्षी जोडावर जाते.

शब्दांच्या साक्षीकडे आता वळता येईल. या धंद्यात सांगाड्याची नावे देशी आहेत : दांडी, खुंटी, घोडी, मणी, गळा, पान. पृष्ठभागाची नावे फारसी-अरबीतून आली आहेत : नक्षी, रोगण, लाखेच्या कामातील कित्येक संज्ञा. त्यानंतरचा थर इंग्रजीचा : पॉलिश, सेल्युलॉइड, आणि खुद्द आडनावातील ‘मेकर’. तीन थर, तीन कालखंड, असा मोहक निष्कर्ष काढावासा वाटतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने या मोहापासून दूर राहिले पाहिजे. ‘नक्षी’ हा शब्द मराठीत सोनार, गवंडी, विणकर सर्वच वापरतात. तो मिरजेत कोणी वाद्याबरोबर आणला असे मानण्यास आधार नाही. इतकेच म्हणता येईल की, शब्दांचे वाटप पदार्थाच्या वाटपाशी विसंगत नाही. शिवाय ‘सतारमेकर’ हे नाव धारण करणाऱ्यांची खरी कीर्ती सतारीपेक्षा तंबोऱ्यावर उभी आहे, यावरून नाव हा इतिहासाचा किती लटका साक्षीदार असू शकतो हेही ध्यानात यावे.

‘तंबोरा’ शब्दाचे असेच आहे. तो तुंबरू गंधर्वाच्या नावावरून आला, किंवा तुंब्यावरून आला, असे अभिमानाने सांगितले जाते. ध्वनिसाम्य आकर्षक असले तरी फारसी ‘तंबूर’ याच्याकडून आलेली व्युत्पत्तीच अधिक ग्राह्य वाटते. मूळच्या तंबुरास भोपळा नव्हता, त्याचे पोट लाकडाचे होते. तो येथे आला आणि भोपळ्यावर बसला. मग लोकांनी त्याच्या नावात तुंबा ऐकला. लोकव्युत्पत्ती चुकीची असते, पण ती निरर्थक नसते. येथे ती एवढे सांगते की, ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने या वाद्याचे सार तारेत नव्हते, भोपळ्यात होते.

मिरजेच्या तंबोऱ्यास जो सर्वत्र मान मिळाला त्यात या परिसरातील गायकांचा वाटा मोठा आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढते झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयास अल्लादिया खाँ होते. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग झाल्याने दोन्ही गावे एका दिवसाच्या टप्प्यात आली. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ वाद्यदुरुस्तीत स्वतः निष्णात होते. १९३७ मध्ये ते निवर्तले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी त्यांच्या साहाय्याने श्रुतींची मोजदाद केली व १९१० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तारेची लांबी दशांशापर्यंत मोजणाऱ्या त्या पिढीने भोपळ्याच्या सालीची जाडी मात्र मोजलेली दिसत नाही. ती जाडी नादावर परिणाम करते हे गल्लीतील कोणताही कारागीर सांगेल.

अलीकडचे बदल थोडक्यात नमूद करतो. १९७२ चा वन्य जीव संरक्षण कायदा व त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांमुळे हस्तिदंत व सांबरशिंग यांचा उपयोग बंद झाला; पट्टी सेल्युलॉइडची व पुढे प्लास्टिकची झाली, पण तिची जागा बदलली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून विजेच्या तंबोऱ्याने रियाजाच्या खोलीतील तंबोऱ्याची जागा घेतली. त्यास भोपळा नाही, सांधा नाही, म्हणून पानही नाही. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाल्यावर भीमाकाठी ऊस पसरला. हमखास पाण्यावरच्या उसापुढे एका हंगामाचा लहरी वेल शेतकऱ्यास परवडेनासा होतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. ते योग्यच झाले. तथापि त्या नावातील भूगोल मिरजेचा आहे. भोपळ्याचा भूगोल मंगळवेढ्याचा आहे, आणि ज्या शेतात तो पिकतो त्याचा उल्लेख वाद्यावर कोठेही नसतो.

दिवाणखान्यात ठेवण्यासाठी हातभर उंचीचे शोभेचे तंबोरे आता विकावयास असतात. त्यांतील एक प्रस्तुत लेखकाने हाती घेऊन पाहिला. तारा होत्या, पण घोडीस जवारी काढलेली नव्हती. तिची गरज नव्हती. भोपळा मात्र खरा होता. गळ्याच्या सांध्यावरून खाली उतरणारी पाने त्यावर होती, परंतु ती कोरून बसविलेली नव्हती, रंगाने काढलेली होती. त्या रंगाखालून सांध्याची रेघ स्पष्ट दिसत होती.